ग्रीन कार्डची रांग: व्हिसा बुलेटिन कसं बघायचं

आय-१४० (कंपनीने तुमच्या ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) अप्रूव्ह झालं की आधी त्या नोटिशीवरची प्रायॉरिटी डेट लिहून ठेवा, तोच तुमचा रांगेतला नंबर. मग अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये इंडियाचा कॉलम आणि तुमची ईबी-२ किंवा ईबी-३ (नोकरीवरच्या ग्रीन कार्डचे वर्ग) ची ओळ बघा, तुमची ५ मार्च आणि तिथे १ मार्च असेल तर नाहीच, चार दिवसांसाठीसुद्धा थांबायचं. तक्ते दोन असतात, कुठला धरायचा ते यूएससीआयएस (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) सांगतं. बुलेटिनमधली तारीख कधीकधी मागेही जाते, खूप जीवावर येतं ते. मूळ दुखणं म्हणजे वर्षाच्या ग्रीन कार्डांत एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, ती काढायचं बिल २०१९ ला अमेरिकी संसदेच्या हाऊसमध्ये ३६५-६५ ने पास झालं पण कायदा काही झाला नाही. मुलं असतील तर २१ नंतर ती तुमच्या अर्जातून बाहेर पडू शकतात, म्हणून त्यांच्या २१ व्या वाढदिवसाचा हिशोब वकिलाकडून आत्ताच करून घ्या.