पाच जणांनी एक शर्यत कशी लढवावी: हौशी सायकल टीमसाठी

टीम म्हणून उतरलो ती पहिली शर्यत आम्ही आमच्याच पायांनी घालवली. आमच्यातला एक जण दुसऱ्या दोघांबरोबर पुढे निसटला होता आणि तिघांकडे मिनिटभराची आघाडी होती. मागे आम्ही चौघं मात्र जोशात घोळक्याच्या तोंडाशी जाऊन वारा कापत, जीव तोडून सगळ्या घोळक्याला ओढत होतो. वीसेक मिनिटांत त्या तिघांना गाठलं. आमच्या गड्याने मान वळवून पाहिलं, तर त्याच्या मागचं पहिलं चाक आमच्याच जर्सीचं. तो बोलला काहीच नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. तो चेहरा मी अजून विसरलेलो नाही. शर्यत जिंकली ती आमच्या पाठीमागे आरामात बसून आलेल्या दुसऱ्या टीमच्या स्प्रिंटरने, म्हणजे शेवटच्या झटक्यात जोरदार असलेल्या गड्याने.

त्या दिवशी कुणाचेही पाय कमी पडले नव्हते. कुणी कुणासाठी पळायचं, हेच ठरलेलं नव्हतं. रविवारी पहाटे एकत्र सायकल चालवणारे चार-पाच जण मिळून शर्यतीत उतरणार असतील, तर त्यांना हा लेख उपयोगी पडावा.

आधी वारा समजून घ्या

रस्त्यावरच्या सायकल शर्यतीतला प्रत्येक डाव वाऱ्यावर उभा आहे. सपाट रस्त्यावर ताशी 30 किलोमीटरच्या पुढे गेलात की पायांतला बहुतेक जोर हवा कापण्यातच जातो. वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा, म्हणजे 30 चे 33 करायचे, तर हवेसाठी लागणारी ताकद जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते. पण पुढच्याचं चाक नीट धरलं, म्हणजे त्याच्या मागच्या चाकापासून हात-दीड हातावर राहिलात, तर त्याच वेगाला साधारण पाव ते एक तृतीयांश कमी ताकद लागते. मोठ्या घोळक्याच्या पोटात तर त्याहूनही कमी.

म्हणून एकट्याने शंभर किलोमीटर वारा खाऊन जिंकणं फार अवघड. पाच जणांमध्ये हा वारा वाटून घेता येतो. पालखीला जसा खांदा बदलतात, तसंच हे. आणि चौघांनी वारा खाल्ला तर पाचवा शेवटच्या दहा किलोमीटरला ताज्या पायांनी पोचतो. टीमचा सगळा खेळ एवढ्याचसाठी असतो.

आदल्या दिवशी एकत्र बसा

शर्यतीचा मार्ग शक्य असेल तर चालवून बघा, निदान गाडीने फिरून या. चढ कुठे, वळणं कुठे, गतिरोधक कुठे, उघडं माळरान कुठे आणि शेवटचा एक किलोमीटर कसा आहे, हे पाचही जणांना तोंडपाठ हवं. शेवटचं वळण रेषेपासून दीडशे मीटरवर असेल, तर त्या वळणात जो पहिला शिरेल तोच बहुधा जिंकतो. चारशे मीटरवर असेल तर हिशोब वेगळा.

मग खरा प्रश्न: उद्या आपण कुणासाठी पळतोय? हा प्रश्न मित्रांमध्ये विचारायला जड जातो. पाचही जण सकाळी साडेचारला उठून तयारी करणारे, पैसे स्वतःच्या खिशातून घालणारे. कुणी कुणाचा नोकर नाही. तरी विचाराच. मार्ग सपाट असेल तर ज्याचा शेवटचा झटका जोरदार आहे तो. शेवट चढावर असेल तर अंगाने हलका, घाटात रमणारा. एक मुख्य माणूस आणि एक पर्यायी माणूस ठरवा, बाकी तिघांची कामं वाटून द्या: सुरुवातीचे हल्ले कोण सांभाळेल, घाटाच्या पायथ्यापर्यंत मुख्य माणसाला कोण पुढे आणून सोडेल, शेवटी स्प्रिंटसाठी कोण ओढेल. बक्षिसाची रक्कम पाच ठिकाणी वाटायची, हेही त्याच बैठकीत ठरवून टाका. ज्याने साठ किलोमीटर वारा खाल्ला आणि चाळिसावा आला, त्याचा त्या पैशात तेवढाच हिस्सा आहे.

माहितीपत्रकही एकाने नीट वाचावं. दुसऱ्याला चाक देता येतं का, पाणी कुठे मिळेल, रस्त्याची उजवी बाजू वापरता येते का, हे नियम शर्यतीगणिक बदलतात.

पहिला टप्पा: जागा राखा, खात राहा

झेंडा पडला की सगळे सुटल्यासारखे पळतात. तुम्ही पळू नका. घोळक्यातल्या पहिल्या पंधरा-वीस जणांत राहा, पण सर्वांत पुढे नको. फार मागे राहिलात तर प्रत्येक वळणावर पुढचे आधी वेग पकडतात आणि मागच्यांना ती फट भरायला उठून पॅडल मारावं लागतं. असे पन्नास झटके बसले की पाय संपतात.

मुख्य माणसाच्या पुढे सतत टीमचा एक जण हवा. मुख्य माणसाने वाऱ्यात यायचं नाही, पाणी आणायला मागे जायचं नाही. पंक्चर त्याचं झालं तर नियमात बसत असेल तेव्हा सर्वांत जवळच्याने आपलं चाक काढून द्यायचं. त्यासाठी पाचही सायकलींची चाकं एकमेकींना बसतात का, हे घरी बसवून बघा. डिस्क ब्रेक आणि रिम ब्रेकची सरमिसळ असेल तर रस्त्यावर काही करता येत नाही.

आणि खा. दर तासाला साठेक ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. खजूर, चिक्की, केळी, जे सरावात पचलंय तेच. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो.

पुढे निसटणाऱ्यांचा हिशोब

कधीतरी दोन-चार जण घोळक्यातून सुटतात. याला ब्रेकअवे म्हणतात, आणि इथून डोकं चालवायचं असतं. पहिला प्रश्न एकच: त्यात आपला कुणी आहे का?

नसेल तर लगेच ठरवा. पुढच्या टोळीत प्रत्येक मोठ्या टीमचा एकेक जण असेल तर मागे पाठलाग करायला कुणीच उरत नाही आणि ती टोळी बहुधा शेवटपर्यंत टिकते. अशा टोळीत आपला माणूस हवाच. त्यासाठी एकाने फट लहान असतानाच एकट्याने उडी मारावी. सगळ्यांना मागे घेऊन ती फट भरून काढण्यात काहीच मिळवणूक नाही.

आपणच अटॅक करायचा असेल तर घोळक्याच्या तोंडावरून करू नका, सगळ्यांना दिसतं. आठ-दहा जण मागून, रस्त्याच्या दुसऱ्या कडेने, वेग घेऊनच बाहेर पडा आणि पहिला मिनिटभर मागे वळून बघू नका. उत्तम वेळ म्हणजे दुसऱ्याचा हल्ला नुकताच पकडला गेलाय, सगळे धापा टाकतायत, ती. टीमने हे खो-खोसारखं खेळावं: आपला एक पकडला गेला की त्याच क्षणी दुसऱ्याने उठायचं, तो गेला की तिसऱ्याने. समोरच्या टीमला दर वेळी उत्तर द्यावं लागतं. चौथ्या खोला त्यांचे पाय भरून येतात आणि तेव्हा जो जातो तो जातो.

आपला माणूस पुढे असताना

हे सर्वांत अवघड काम आहे, कारण यात काहीच करायचं नसतं. आपला माणूस पुढे आहे म्हणजे पाठलागाची जबाबदारी दुसऱ्यांची. तुम्ही पुढच्या चार-पाच जणांत बसा, पण ओढू नका. कुणी "चला, तुम्हीपण ओढा" म्हणालं तर शांतपणे सांगा, "आमचा पुढे आहे." यात लबाडी नाही. सायकल शर्यतीचा हा जुना, मान्य रिवाज आहे. कुणी एकटा पुढच्या टोळीकडे निघाला तर त्याचं चाक धरा आणि फुकट बसून जा. पोचलात तर पुढे तुमचे दोन झाले. मात्र आडवं येणं, मुद्दाम ब्रेक दाबणं, वळणात दुसऱ्याची ओळ कापणं हे कधीच नाही. त्याने हाडं मोडतात.

पुढे असलेल्यानेही हिशोब ठेवावा. टोळी टिकावी म्हणून आपली पाळी इमानाने ओढावी. पण मागे आपला स्प्रिंटर ताजा बसला असेल, तर टोळी पकडली गेली तरी आपलंच भलं आहे. तेव्हा त्याने हात आखडता घेतला तर चालतं.

अंतर मोजायला यंत्र लागत नाही. पुढची टोळी एखाद्या झाडापाशी किंवा कमानीपाशी दिसली की घड्याळ बघायचं, आपण तिथे पोचलो की पुन्हा बघायचं. रोबेर शापात या फ्रेंच समालोचकाच्या नावाने एक ठोकताळा प्रसिद्ध आहे: पाठलाग करणारा घोळका दहा किलोमीटरमागे एक मिनिट भरून काढतो. पण तो व्यावसायिकांचा. हौशी घोळक्यात पाठलाग एकजुटीने क्वचितच होतो, म्हणून आपल्याकडे आघाडी टिकण्याची शक्यता जास्त.

मोजणी चुकली तर काय होतं, ते 25 जुलै 2021 ला टोकियो ऑलिंपिकच्या महिलांच्या शर्यतीत दिसलं. नेदरलँड्सच्या चार जणी, एकीपेक्षा एक. त्यांच्यासमोर ऑस्ट्रियाची एकटी आना कीसेनहोफर, गणितात डॉक्टरेट केलेली, त्या वेळी कुठल्याही व्यावसायिक टीमशी करार नसलेली. ती सुरुवातीलाच चौघींबरोबर निसटली, त्यांची आघाडी दहा मिनिटांवर गेली, वाटेत दोघी गळाल्या, आणि शेवटच्या चाळीसेक किलोमीटरला तिने उरलेल्या दोघींनाही मागे टाकलं. ऑलिंपिकमध्ये कानात रेडिओ नसतो. मागच्यांनी त्या दोघींना पकडलं आणि त्यांना वाटलं, सगळ्या सापडल्या. नेदरलँड्सच्या ॲनेमीक व्हान व्ल्युटेनने रेषा ओलांडताना हात उंचावले, सुवर्ण मिळालं असं समजून. कीसेनहोफर 75 सेकंद आधीच जिंकून गेली होती.

आपल्या हौशी शर्यतींतही रेडिओ नसतो. म्हणून पाचांपैकी एकाचं कामच हे: पुढे किती जण गेले, कोणत्या जर्सीचे, किती परत आले. आकडा तोंडाने मोठ्याने सांगत राहायचा.

घाट

आपल्याकडच्या शर्यती बऱ्याचदा घाटात फुटतात. मुंबई-पुणे शर्यतीत तर खोपोलीहून खंडाळ्याकडे चढणाऱ्या बोरघाटासाठी "घाटाचा राजा" हा मान वेगळा दिला जातो. खड्या चढावर वेग ताशी बारा-पंधरावर येतो, चाक धरण्याचा फायदा जवळजवळ संपतो आणि प्रत्येकाला आपलं वजन आपणच वर न्यावं लागतं. मग टीमचं काम पायथ्याआधीच संपायला हवं: घाटवीराला पहिल्या पाचांत आणून सोडायचं. तीसाव्या जागेवरून चढ सुरू केला तर समोर थकलेले लोक गळत जातात आणि त्यांना वळसे घालण्यातच तो दमतो.

बाकीच्यांनी आपापल्या चालीने चढावं. दुसऱ्याच्या वेगाने पहिलं वळण जिंकून तिसऱ्या वळणाला थांबणारे मी दर शर्यतीत बघतो. माथ्याजवळ सगळे सुस्कारा सोडतात. घाटवीराने तिथेच, चढ संपल्यावरचे दोनशे मीटर, पॅडल सोडायचं नाही. जी फट पडते ती तिथे. मागून येणाऱ्या दोन-तीन गड्यांनी माथ्यावर एकमेकांना शोधून गट बांधावा, सपाटीवर अजून बरंच काम बाकी असतं.

आडवा वारा

पठारावर उघड्या माळाला लागलात आणि वारा बाजूने असेल, तर आसरा थेट मागे मिळत नाही, तिरका मिळतो. वारा उजवीकडून असेल तर पहिल्याने रस्त्याच्या उजव्या मर्यादेला राहायचं, दुसऱ्याने त्याच्या डावीकडे किंचित मागे, तिसऱ्याने आणखी डावीकडे. अशी तिरकी रांग डाव्या कडेपर्यंत गेली की जागा संपते, आणि त्यामागचे सगळे कडेला एका ओळीत, आसऱ्याविना लटकतात. पुढचा ओढून झाला की त्याने वाऱ्याच्या बाजूला सरकून मागे यायचं. पाच जण हे सफाईने करणारे असतील तर पन्नासांचा घोळका तुटतो. पण हे सरावाविना शर्यतीत करू नका. एक चाक दुसऱ्याला घासलं की दहा जण खाली येतात.

शेवटचे तीन किलोमीटर

टीमने इथे एका माळेत यावं, मुख्य माणूस शेवटून पहिला. पहिला गडी तीन किलोमीटरपासून दीडपर्यंत इतका वेग ठेवतो की कुणाला बाजूने अटॅक करायला सुचू नये. दुसरा पाचशे मीटरपर्यंत. तिसरा पूर्ण जोराने दोनशेपर्यंत, आणि बाजूला होताना ओळ सरळच धरतो. ताशी पन्नासच्या वेगाने उरलेल्या दोनशे मीटरला सुमारे चौदा सेकंद लागतात. तेवढेच मुख्य माणसाचे. समोरून वारा असेल तर आणखी उशिरा, दीडशेला सोडा.

स्प्रिंटरने तिसऱ्याला आवाज द्यायला हवा. मागचा सुटला असेल तर पुढच्याला ते कळत नाही. आम्ही दोनच शब्द ठरवलेत: "आहे" आणि "थांब". सरावात ते इतक्या वेळा ओरडलोय की आता धाप लागलेली असतानाही तोंडातून आपोआप येतात.

रेषेनंतर घरी पळू नका. सावलीत बसून, अजून घाम वाळला नसताना, पाचांनी शर्यत पहिल्या किलोमीटरपासून पुन्हा सांगायची: कोण कुठे होतं, कुणी कधी ओढलं, कुणी ओढायला नको होतं. आमच्यात पहिल्यांदा बोलतो तो नेहमी सर्वांत मागे आलेला, कारण त्यालाच पूर्ण घोळका समोर दिसलेला असतो.