लोहगावला शो, आपण कराडात: निघण्याआधीची तयारी

पुण्यात हवाई कसरतींचा कार्यक्रम ठरला की आमच्याकडच्या लोकांचे दोन प्रकार होतात. एक, जे चटई आणि पाण्याची बाटली घेऊन बघायला जातात. दुसरे आम्ही, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, ज्यांना नेमकं त्याच आठवड्यात चार आसनी विमान घेऊन कराडहून उत्तरेला जायचं असतं. सांगलीत राहून उडवायचं म्हणजे आधी गाडी हाणत कराड गाठायचं. सांगलीजवळच्या कवलापूरच्या विमानतळाच्या गोष्टी ऐकता ऐकता आमचे केस पिकले, त्यामुळे त्याबद्दल आता कोणी काही बोलत नाही.

समजा पुण्याच्या लोहगाव विमानतळावर शो आहे आणि तुम्हाला कराडहून नाशिकजवळच्या ओझरला जायचंय. तयारी आठ दिवस आधी सुरू करा, आणि पहिलं काम म्हणजे वर्तमानपत्रातली तारीख विसरून जा. पेपरात छापून येते ती प्रेक्षकांची तारीख. आकाश त्याच्या आधीपासून बंद व्हायला लागतं, कारण सराव असतो, आणि सरावात विमानं तितकीच खाली, तितकीच जवळून उडतात. २०१९ साली बंगळुरूच्या येलहंका तळावर एअरो इंडिया सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, १९ फेब्रुवारीला, हवाई दलाच्या सूर्यकिरण या कसरती करणाऱ्या चमूची दोन हॉक विमानं सरावातच एकमेकांवर आदळली आणि एका वैमानिकाचा जीव गेला. तेव्हा ‘आज तर नुसती रंगीत तालीम आहे’ हे वाक्य तोंडातही आणू नका. सरावाचे दिवस आणि राखीव दिवस, सगळे कॅलेंडरवर लाल करा.

मग नोटॅम, म्हणजे कुठलं आकाश कधी बंद वगैरे सांगणारी वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना. तो मोबाइलवर बसमध्ये वाचायचा प्रकार नाही. छापून घ्या, जेवणाच्या टेबलावर ठेवा, पेन्सिल घ्या. सरावासाठी एक काल्पनिक नोटॅम धरू (उडताना हे आकडे वापरू नका). ‘बी’ समोर २६०२०६०४३०, ‘सी’ समोर २६०२०८११३०, आणि ‘डी’ समोर ०४३०-०६३०, ०८३०-११३०. दहा आकड्यांची ती रांग म्हणजे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटं: ६ फेब्रुवारी २०२६ ला सुरू, ८ तारखेला संपतं. ‘डी’ म्हणजे त्या तीन दिवसांत रोज नेमक्या कोणत्या वेळा. आणि या सगळ्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत, यूटीसीत. आपल्यासाठी साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे बंदी सकाळी १० ते १२ आणि दुपारी २ ते ५.

हे कुणाला माहीत नसतं असं नाही. तरी चुकतं. माझ्या हातून एकदा झालंय. असाच कागद होता, वेळाही साधारण याच. मी ०८३०-११३० वाचलं आणि डोक्यात बसलं ते सकाळचे साडेआठ ते साडेअकरा. म्हटलं, बरं झालं, घरचं जेवण करू, दुपारी दीडला निवांत निघू. आदल्या संध्याकाळी आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या वैमानिकांना, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, फोनवर बेत सांगितला. काका थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “दीडला निघणार, म्हणजे पुण्याच्या बाजूला सव्वादोनला. सूर्यकिरणला सांगून ठेवू का, एक दहावं विमान येतंय म्हणून?” सूर्यकिरणच्या कसरतीत नऊ विमानं असतात. तेव्हापासून माझ्या घरच्या प्रत्येक नोटॅमवर यूटीसीच्या आकड्यांच्या डोक्यावर आपली वेळ लाल शाईनं लिहिलेली असते, आणि ती बेरीज घरातलं दुसरं कुणीतरी तपासतं. मुलगी आठवीत आहे, तिला ते छान जमतं.

तिचीच कंपासपेटी पुढच्या कामाला लागते. नोटॅमच्या ‘क्यू’ ओळीच्या शेवटी १८३५एन०७३५५ई०१० असं काहीतरी दिसेल. शेवटचं ०१० म्हणजे दहा सागरी मैलांची त्रिज्या. दहा किलोमीटर नव्हे, साडेअठरा. पाच लाखाला एक या प्रमाणाच्या नकाशावर कंपासमध्ये ३.७ सेंटिमीटर घ्या आणि वर्तुळ मारा. पण त्याआधी मध्यबिंदू नीट समजून घ्या. १८३५ म्हणजे १८ अंश ३५ मिनिटं. टॅबलेटमधल्या नकाशात घाईघाईनं १८.३५ आणि ७३.५५ टाकलंत, तर वर्तुळ लोहगाव सोडून दक्षिणेला १४ आणि पश्चिमेला जवळजवळ २१ सागरी मैल सरकतं आणि पानशेतपलीकडच्या डोंगरात जाऊन बसतं. पडद्यावर ते इतकं झोकात दिसतं की शंकाच येत नाही. म्हणून मी कागदावर आधी काढतो, टॅबलेटवर नंतर, आणि मग दोन्हीत वर्तुळाच्या पोटात कोणती गावं येतात ते ताडून बघतो.

‘क्यू’ ओळीतलं वर्तुळ तरी ढोबळच असतं, नोटॅम शोधायच्या सोयीसाठी. खरी हद्द ‘ई’ मध्ये शब्दांत लिहिलेली असते, आणि ती कधी वर्तुळ असते, कधी वेडावाकडा बहुकोन. ‘एफ’ आणि ‘जी’ मध्ये खालची-वरची उंची. इथंही एक खाच आहे: उंची जमिनीपासून दिलीय की समुद्रसपाटीपासून, हे बघा. लोहगावची जमीनच समुद्रसपाटीपासून १,९०० फुटांहून वर आहे. जमिनीपासून ५,००० फूट असं लिहिलं असेल तर तुमच्या उंचीमापकावर ते सातेक हजार होतं. वरून जाऊ म्हणणाऱ्यांनी हा हिशोब करावा, आणि आपलं सेसना फेब्रुवारीच्या दुपारी किती रडत रडत चढतं तेही आठवावं.

आता मुख्य गोष्ट. बहुतेकांचं डोकं वेळापत्रकात अडकतं. दहाच्या आत सुटू, किंवा बारा ते दोनच्या फटीतून निघू. मी सांगतो, त्या फटीचा नाद सोडा. कराड ते ओझर सरळ रेघ साधारण १७० सागरी मैल, आणि ती लोहगावच्या जवळजवळ अंगावरून जाते. आता कराडहून आधी बारामती आणि तिथून ओझर अशी मोडकी रेघ काढा. ती भरते १८१ च्या आसपास. फरक अकरा मैल. आपल्या विमानाला सहा-सात मिनिटं! आणि त्या वाटेनं जाताना लोहगाव तुमच्यापासून तीसेक सागरी मैल लांब राहतं. शो अर्धा तास लांबला, कुणा पाहुण्यासाठी थांबला, वेळ बदलली, तरी तुमचं काही अडत नाही. सहा मिनिटं वाचवण्यासाठी आम्ही लोक काय काय कसरती करतो ते बघितलं की वाटतं, शोमध्ये आम्हालाच घ्यावं.

वाट मोडताना मात्र आगीतून फुफाट्यात जाऊ नका. नगरजवळ लष्कराची के. के. रेंज आहे, तोफांच्या सरावाची. तिची हद्द त्याच नकाशावर आधीपासून आखलेली हवी. बारामतीला शिकाऊ वैमानिकांची विमानं धावपट्टीभोवती घिरट्या घालत असतात. आणि ज्या दिवशी पुणे बंद, त्या दिवशी वळसा घालणारे तुम्ही एकटे नसता. वर्तुळाच्या कडेला चिकटून जायची सवय असणारे सगळे त्याच कडेवर भेटतात. म्हणून मी कडेपासून आणखी पाच मैल लांब राहतो आणि टॅबलेट मांडीवर ठेवून नजर बाहेर ठेवतो.

पहाटे निघून दहाच्या आत सुटायच्या मोहाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण आपल्या भागात तो सगळ्यात वाईट मोह आहे. फेब्रुवारी म्हणजे गळीत हंगाम. कृष्णाकाठी वाळवा-इस्लामपूरपासून कराडपर्यंत ऊस, कारखान्यांची धुराडी, कुठं गुऱ्हाळ, कुठं पेटवलेलं पाचट. रात्री थंडी पडली की हा सगळा धूर आणि नदीची वाफ खोऱ्यात झाकण ठेवल्यासारखी बसून राहते. धावपट्टीवर उभं राहून वर बघितलं तर निळं आभाळ, समोर बघितलं तर ताकासारखं पांढरं. नजरेवर उडायचं तर आपल्या उंचीला पाच किलोमीटर दृश्यमानता लागते, ढगांपासून आडवं दीड किलोमीटर आणि उभं हजार फूट अंतर लागतं. माझी साधी कसोटी अशी: वारुंजीच्या, म्हणजे कराडच्याच, धावपट्टीवरून आगाशिवाचा डोंगर चार-पाच किलोमीटरवर आहे. त्याच्या कडा पुसट दिसत असतील तर चहा घ्या. साडेआठला पुन्हा बघा. घड्याळात दहा वाजायला आलेत म्हणून पांढऱ्यात शिरायचं, याला काही अर्थ नाही, आणि बारामतीची वाट धरली असेल तर दहा वाजले काय नि अकरा काय.

इंधनाचा हिशोब वळशाच्या वाटेनं करा, सरळ रेघेनं नव्हे. ताशी ३५ लिटर धरलं तर जाताना साठेक लिटर. त्यावर दिवसाचा अर्ध्या तासाचा नियमाचा साठा, आणि त्याहीवर शोच्या दिवसाचा म्हणून आणखी अर्धा तास. तिकडे गेल्यावर एव्हगॅस, म्हणजे आपल्या विमानाचं पेट्रोल, मिळेलच या भरवशावर राहू नका. ओझरला उतरायची परवानगी आठवडाभर आधी हातात हवी. तिथं ‘येतोच आहे, बघून घ्या’ चालत नाही.

आदल्या संध्याकाळी फ्लाइट प्लॅनचा मसुदा तयार ठेवा, त्यात बारामती स्पष्ट लिहा. सकाळी तो भरला की मुंबईहून उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी क्रमांक आणि हवाई संरक्षणाचा एडीसी क्रमांक घ्या. हे दोन्ही गुडघ्यावरच्या वहीत मोठ्या अक्षरात. एडीसी मिळाला म्हणजे नोटॅमातून सुटका झाली असा समज काहींचा असतो. तो चुकीचा आहे. तो क्रमांक तुम्ही कोण हे सांगतो, बंद दार उघडत नाही. धुक्यापायी निघायला उशीर झाला तर पुन्हा फोन करून विचारा.

नोटॅम रात्री एकदा आणि निघण्याआधी एकदा, असा दोनदा नव्यानं काढा. नंबरापुढे ‘आर’ असलेला जुन्याची जागा घेतो, ‘सी’ असलेला जुना रद्द करतो. टेबलावरचा लाल शाईचा कागद त्यामुळे रात्रीत रद्दी होऊ शकतो. परतीच्या वेळी तर आम्ही सगळेच हे विसरतो. ओझरला मिसळ खाऊन झालेली असते, ऊन चढलेलं असतं, सकाळचा कागद खिशात असतोच. तरी परतीचा नोटॅम वेगळा काढा, परतीचा एडीसी वेगळा घ्या, आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी कराडला चाकं टेकतील असं निघा.

बरोबर येणाऱ्यालाही आधीच सांगून ठेवा. आमचे तासगावचे मामा बेदाण्याच्या व्यवहारासाठी नाशकाला निघाले होते. त्यांचा प्रश्न ठरलेला: “आरं, वरनंच बघूया की! खाली उन्हात बसायला कशाला पायजे?” मामांना मी नकाशावर वर्तुळ दाखवलं आणि म्हटलं, “मामा, यात शिरलो तर ते आपल्याला बघायला येतील.” हे त्यांना लगेच पटलं.

ते खरंच आले तर काय करायचं, तेही वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असावं. चुकून आत शिरल्याचं लक्षात आलं तर लगेच बाहेरच्या दिशेला वळा आणि ज्यांच्याशी बोलत होता त्यांना खरं ते सांगा. कोणी उत्तर देत नसेल तर १२१.५ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी लावा. लढाऊ विमान डाव्या हाताला, थोडं पुढं आणि वर येऊन पंख हलवू लागलं तर तुम्हीही पंख हलवा आणि ते वळेल तिकडे सावकाश मागे जा. रडारला आपला क्रमांक कळवणारा ट्रान्सपाँडर असेल तर वेगळी सूचना मिळेपर्यंत त्यावर ७७००, हा आणीबाणीचा क्रमांक. उगाच उंची बदलू नका, खाली दडी मारू नका.

आणि कराडला उतरल्यावर विमान बांधायच्या आधी मुंबईला फोन करून फ्लाइट प्लॅन बंद करा. तुमच्या अंदाजी वेळेनंतर अर्ध्या तासात खबर पोचली नाही तर शोधाशोधीची पहिली पायरी सुरू होते. मामा तोवर बेदाण्याच्या नमुन्यांच्या पिशव्या उतरवतात. त्यांना म्हणावं, दोन मिनिटं बोलू नका, फोन लागलाय.