कात्रणवही आणि पार: गोधड्या विकताना कुठे किती वेळ घालवायचा

दिवाळीच्या आधी एका माणसाचा फोन आला. "मॅडम, तुमची वेबसाइट दोनशे बुकमार्किंग साइट्सवर टाकून देतो. तीन हजार रुपये." मी पतसंस्थेच्या वसुलीत एकोणीस वर्षं काढलेली बाई. समोरचा घाई करायला लागला की मी मुद्दाम सावकाश होते. पण त्या दिवशी आमच्याबरोबर शिवणाऱ्या आत्याबाई तापाने पडलेल्या होत्या आणि सहा गोधड्यांची ऑर्डर अर्धवट राहिली होती. मी पैसे पाठवून मोकळी झाले. आठवड्याने दोनशे लिंकांचं एक्सेल शीट आलं. रात्री जेवणं उरकून एकेक उघडत बसले. निम्म्याहून जास्त पानं उघडेनात. जी उघडली त्यांवर आमच्या गोधडीच्या वर जुगाराची जाहिरात आणि खाली केस वाढवायच्या गोळ्या. त्यातून आलेली गिऱ्हाइकं, शून्य.

तुमचे तीन हजार वाचावेत म्हणून हे लिहिते.

आधी आमचा धंदा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. वाईत मी आणि पाच बाया हाताने गोधड्या शिवतो. आमच्याकडे वाकळही म्हणतात. काम दोन प्रकारचं. एक, आम्हीच कापड जमवून केलेली तयार गोधडी आणि बाळाची दुपटी. दुसरं, गिऱ्हाईक स्वतःच्या घरातल्या जुन्या साड्या पाठवतं आणि आम्ही त्यांची गोधडी करून परत देतो. मोठ्या गोधडीला दोघींचे पंधरा दिवस सहज जातात. म्हणजे आम्हाला हजारो गिऱ्हाइकं नकोच आहेत. महिन्याला आठ-दहा नेमकी माणसं हवीत.

आता बुकमार्किंग आणि नेटवर्किंग यांतला फरक. तुमच्या आईकडे पेपरातल्या पुरवणीतल्या कात्रणांची वही असेल. त्यात अनारशाची कृती, स्वेटरचा नमुना, कुठल्याशा वैद्याचा पत्ता. ती वही कुणाशी बोलायला नसते, पुढे कधीतरी लागेल म्हणून असते. सोशल बुकमार्किंग म्हणजे अशा वह्या चारचौघांत उघड्या ठेवणं. आणि सोशल नेटवर्किंग म्हणजे गावातला पार. तिथे माणसं माणसांसाठी येतात. काल काय बोलणं झालं ते आज कुणी उकरत नाही. कात्रण टिकतं, गप्पा विरतात. पण भरवसा बसतो तो पारावर.

यातली बुकमार्किंगची बाजू आज जवळजवळ पडझडीला आलेली आहे, आणि हेच तो पॅकेजवाला सांगत नाही. डेलिशस ही या प्रकारातली थोरली, २००३ सालची. याहूने ती २००५ मध्ये घेतली, २०११ मध्ये विकली, आणि २०१७ मध्ये पिनबोर्ड या त्याच घराण्यातल्या साइटने विकत घेऊन तिथे नवीन काही साठवणं बंद केलं. डिग २००४ ची. २०१० च्या ऑगस्टमध्ये तिने सगळी रचनाच बदलली आणि वापरणारे वैतागून रेडिटकडे गेले. स्टंबलअपॉन २०१८ च्या जूनअखेर बंद झाली. पॉकेट २०२५ च्या जुलैत गेली. तरीही या नावांच्या याद्या 'लिंक टाकण्याची उत्तम ठिकाणं' म्हणून अजून फिरतात.

त्या लिंकांमुळे गूगलमध्ये आपण वर येतो, हा दुसरा समज. कधीकाळी थोडं तसं होतं. २००५ मध्ये 'नोफॉलो' नावाची खूण निघाली. ती लावली की साइट शोधयंत्राला सांगते, या लिंकची हमी माझी नाही. २०१९ पासून गूगल त्या खुणेला आदेश न मानता इशारा मानतं, पण बहुतेक मोठ्या साइट्स बाहेरच्यांनी टाकलेल्या लिंकांना अशीच काहीतरी खूण लावतात. वर २०१२ च्या एप्रिलमध्ये गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणला तो विकतच्या लिंकांचा बाजार उठवायलाच. म्हणजे दोनशे विकतच्या लिंकांचा फायदा तर नाहीच, नशीब वाईट असेल तर तोटा.

मग कात्रणवहीत राहिलं काय? माझ्या कामापुरतं सांगते: पिंटरेस्ट, आणि थोडं वेगळ्या अर्थाने रेडिट.

पिंटरेस्टवर

हे २०१० मध्ये सुरू झालं. लोक याला सोशल मीडिया म्हणतात, पण तिथे कुणी कुणाची विचारपूस करत नाही. बाळाची खोली सजवायची आहे, लग्नात आहेर द्यायचा आहे, असं काहीतरी मनात असलेलं माणूस येतं, शोधतं, आवडलेलं चित्र आपल्या बोर्डावर ठेवतं. त्या चित्राला तिथे पिन म्हणतात. म्हणून इथे पहिल्या दिवसाची पळापळ नसते. जूनमध्ये टाकलेला पिन नोव्हेंबरात गिऱ्हाईक आणतो, हे मी बघितलंय.

करायचं ते असं. बिझनेस खातं उघडा, फुकट आहे. आपली वेबसाइट तिथे 'क्लेम' करा, म्हणजे तुमच्या साइटवरून कुणीही उचललेल्या चित्राचे आकडे तुम्हाला दिसतात. फोटो उभा, दोनास तीन या प्रमाणात. हजार बाय पंधराशे पिक्सेल बरोबर बसतो. शीर्षकाला शंभर अक्षरांची मर्यादा आहे, आणि पहिले चार-पाच शब्दच डोळ्यांत भरतात, तेव्हा 'नमस्कार मंडळी' तिथे नको.

शब्दांवर मी सगळ्यात जास्त डोकं घातलं. गोधडी हा शब्द टाकून शोधणारे आपले लोक. परदेशातली बाई हाताने शिवलेली भारतीय रजई शोधताना 'कांथा क्विल्ट' लिहिते, कारण तिला तेवढंच नाव माहीत. माझ्या लेकीने सुचवलं, "आई, तू पण कांथा लिही की." मी नाही लिहिलं. कांथा बंगालची, तिची चाल वेगळी. आमची गोधडी कडेकडेने धावदोरा घालत आत मध्यापर्यंत जाते, आणि ते नाव घालवून विकायची तर यंत्रावरची चादरच का नाही विकायची? मी इंग्रजीतून लिहिते: हँडस्टिच्ड सारी क्विल्ट, गोधडी, महाराष्ट्र. 'सारी क्विल्ट' शोधणारेही भरपूर आहेत, आणि ते खरंही आहे. माप इंचांत लिहा. साठ बाय नव्वद म्हटलं की पलंग डोळ्यांपुढे येतो.

फोटो सकाळी आठच्या आत, ओट्यावर. एक पूर्ण गोधडी, बाजेवर टाकलेली, म्हणजे आकार कळतो. एक दुमडलेला कोपरा, टाके मोजता येतील इतक्या जवळून. एक उलट्या बाजूचा. उलटी बाजू दाखवायला लाजू नका, हातकामाची पारख करणारं गिऱ्हाईक तीच आधी बघतं.

आणि एक चूक, जी मी वर्षभर करत होते. आमची प्रत्येक गोधडी एकुलती एक. विकली की मी तिचं पान साइटवरून काढून टाकायचे. पण पिन शेकडो बोर्डांवर फिरतच असतो. लोक यायचे आणि 'पान सापडत नाही' वाचून परत जायचे. दुकान उघडं ठेवून दारात कुलूप लटकवल्यासारखं. आता पान काढत नाही. त्यावर 'ही गेली, अशीच हवी असेल तर इथे कळवा' एवढं लिहिते, खाली तीन तयार गोधड्यांचे फोटो. तुम्ही पैठणी विका, मातीची भांडी विका, नाहीतर जुनी पुस्तकं, हे आधी करा.

रेडिट

२००५ ची साइट. इथे लोक लिंक ठेवतात, मतं देऊन वर-खाली करतात, म्हणून बुकमार्किंगच्या घराण्यातली. पण खाली चर्चा पारासारखी रंगते, आणि पारावरचे म्हातारे कडक. गोधडीवाल्यांसाठी क्विल्टिंगचा मोठा कट्टा तिथे आहे. प्रत्येक कट्ट्याचे नियम बाजूला लिहिलेले असतात, ते वाचा. नव्या खात्याने आल्या आल्या दुकानाची लिंक टाकली तर ती बहुधा उडते, आणि उडावीच. जुना दंडक असा की दहात एखादीच गोष्ट स्वतःच्या मालाची असावी.

मी तिथे दोन महिने नुसती उत्तरं दिली. सुती साडीचा रंग धुताना जाऊ नये म्हणून काय करायचं, चार थर हलू नयेत म्हणून आधी कच्चे टाके कसे घालायचे. मग आत्याबाईंच्या हातांचा, त्या शिवत असतानाचा एक फोटो टाकला, विकण्याबद्दल अवाक्षर नाही. लोकांनीच विचारलं. विक्री तिथून थोडीच होते, पण प्रश्न असे येतात की साइटवरचं वर्णन सुधारतं. आठवड्याला अर्धा तास, बस.

पिनबोर्ड, रेनड्रॉप वगैरे आहेत, चांगली आहेत, पण ती स्वतःच्या वाचनाची फडताळं. तिथे दुकान मांडायचं नसतं.

आता पार

जुन्या साड्यांचं काम मला पिंटरेस्टवरून जवळजवळ मिळतच नाही. का, ते नाशिकच्या एका ताईंमुळे कळलं. त्यांची आई गेली, कपाटात सहा नऊवारी. त्या साड्या अनोळखी बाईकडे कुरिअरने कोण पाठवेल? आधी त्यांनी फेसबुकवर आमच्या गोधड्या पाहिल्या, मग त्यांच्या ओळखीतल्या कुणाची तरी गोधडी आम्ही केली होती ते कळलं, मग फोन, मग व्हिडिओ कॉलवर आत्याबाईंशी वीस मिनिटं साड्यांवरच बोलणं, आणि मग पार्सल. ज्या मालाला विश्वास लागतो तो पारावर विकला जातो. जो माल नुसता बघून हवासा वाटतो तो कात्रणवहीत. तुमचा माल कुठला ते आधी ठरवा, साइट नंतर निवडा.

फेसबुकच्या पानावर मी फार जीव टाकत नाही, पैसे न भरता पानावरची पोस्ट थोड्यांनाच दिसते. गट उपयोगी. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांभोवतीच्या गटांतून बारशाच्या दुपट्यांना मागणी येते. लंडनचं मंडळ तर १९३२ पासूनचं, तिथे आता पणजी-पणतू आहेत. गटाच्या चालकाला आधी विचारा. काही ठिकाणी विक्रीच्या पोस्टला वार ठरलेला असतो.

व्हॉट्सॲप बिझनेस २०१८ मध्ये आलं आणि माझ्यासारखीचं काम त्यानेच सोपं केलं. कॅटलॉग भरा, किंमत लिहा. 'किंमत इनबॉक्समध्ये' हा प्रकार मला मुळीच पटत नाही. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण तुमचा नंबर ज्यांनी साठवला असेल त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून पार्सलमध्ये चिठ्ठी घालते, 'नंबर सेव्ह करा, धुण्याच्या सूचना पाठवते.' करतात. आणि गिऱ्हाइकांना लेबलं लावता येतात, त्यात 'पैसे बाकी' हे लेबल पाहून माझा वसुलीतला जीव सुखावला.

इन्स्टाग्रामवर पोस्टखाली लिहिलेल्या लिंकवर टिचकी मारता येत नाही, ती 'बायो'त, म्हणजे खात्यावर आपली ओळख लिहितो तिथे, द्यावी लागते. २०२३ पासून तिथे पाच लिंका बसतात. पण बघायचं ते हे: हृदयं किती आली ते सोडा, किती जणांनी 'सेव्ह' केलं ते बघा. सेव्ह म्हणजे पाराच्या कडेला बसून कुणीतरी कात्रण कापलं. ज्या फोटोला सेव्ह जास्त, तोच मी पिंटरेस्टवर नेते. लिंक्डइन घाऊक भेटवस्तूंच्या ऑर्डरींसाठी चालेल, आमचे बारा हात तेवढं पुरवू शकत नाहीत म्हणून मी गेले नाही.

मोजायचं कसं

अंदाजाने ठरवू नका. प्रत्येक ठिकाणी देताना लिंकच्या शेपटीला यूटीएमच्या, म्हणजे माणूस कुठून आलं ते सांगणाऱ्या, खुणा जोडा: सोर्स, मीडियम, कॅम्पेन. गूगलचं फुकट साधन आहे, रकाने भरले की लिंक तयार मिळते. नाव कायम स्मॉल लिपीत लिहा. एकदा कॅपिटल आणि एकदा स्मॉल लिहिलंत तर ॲनालिटिक्स, म्हणजे साइटवर कोण कुठून आलं ते मोजणारं गूगलचं साधन, ती दोन गावं समजतं. व्हॉट्सॲपवरच्या लिंकला तर खूण हवीच, नाहीतर ती माणसं 'डायरेक्ट' या गठ्ठ्यात जातात आणि आपल्याला वाटतं लोक आपला पत्ता पाठ करून आले.

याशिवाय एक साधी दोनशे पानी वही. प्रत्येक ऑर्डरला विचारायचं, "आम्हाला पहिल्यांदा कुठे पाहिलंत?" रकाने: तारीख, काय घेतलं, कुठे पाहिलं, कुठून पैसे दिले, माझा किती वेळ गेला. हा शेवटचा रकाना कुणी ठेवत नाही. तीन महिने तरी भरा, आणि एखादा सण त्यात येऊ द्या. माझ्या वहीत तयार गोधड्यांपुढे पिंटरेस्ट, साड्यांच्या कामापुढे व्हॉट्सॲप आणि फेसबुकचे गट, असं स्पष्ट दिसलं. तेव्हापासून पावसाळ्यात, बाया शेतात अडकलेल्या असतात तेव्हा, मी पिंटरेस्टचे फोटो चढवते, म्हणजे थंडीपर्यंत ते रुजतात. दसरा झाला की व्हॉट्सॲप स्टेटस रोज. ते चोवीस तासांत जातं, म्हणून सकाळी चहाच्या वेळेला.

परवा पुण्याच्या एका मुलीने दुपटं घेतलं. विचारलं, कुठे पाहिलंत? म्हणाली, "बाळ व्हायच्या आधी पिंटरेस्टवर ठेवलं होतं, मग विसरले. आता वहिनीने तुमचं स्टेटस पाठवलं तेव्हा आठवलं." मी वहीत पिंटरेस्ट आणि व्हॉट्सॲप दोन्हींपुढे अर्धी अर्धी टिक मारली.