पॉवर बँक घेताना डबी उलटी करून बघा

नवीन गॅजेट हातात आलं की माझा अख्खा दिवस छान जातो. नाशिकच्या एमजी रोडला मोबाईलच्या दुकानांतून नुसती चक्कर मारली तरी जीव हरखतो. तरीही पॉवर बँक घ्यायला जाल तेव्हा पुढच्या ठळक आकड्यावर भुलू नका. डबी उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा.

पुढे १०,००० एमएएच (किती वीज मावते त्याचं माप) लिहिलेलं असतं ते आतल्या सेलचं, म्हणजे बॅटरीचं, साधारण ३.७ व्होल्टला मोजलेलं. केबलमधून वीज बाहेर पडते ५ व्होल्टने, म्हणजे तिथेच १०,००० चे ७,४०० झाले. व्होल्टेज वाढवताना थोडी वीज उष्णता होऊन जाते (चार्जिंग चालू असताना हात लावून बघा, कोमट लागते). हाती उरतात सहा-साडेसहा हजार. हा आकडा मागे ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून छापलेला असतो, दोन ब्रँडची तुलना त्यावरच करा. ५,००० एमएएचचा फोन यातून दोनदा भरत नाही, दीडदा भरला तरी खूप.

पहाटे त्र्यंबकला जाऊन ब्रह्मगिरी चढायचा, दिवसभर फोटो नि जीपीएस चालू ठेवायचं, तर १०,००० वाली एकट्याला पुरते. दोघं असाल तर २०,००० वाली घ्या, पण ती पाठीवर जाणवते बरं का!

ओझरहून विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची, चेक-इनमध्ये चालत नाही. मर्यादा १०० वॉट-अवरची (एमएएच गुणिले व्होल्ट, भागिले हजार), आणि २०,००० वाली ३.७ व्होल्टने भरते ७४.