कमोड गळतोय? फोडाफोडीआधी या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात आमच्या पुण्यातल्या, कर्वेनगरच्या इमारतीतल्या खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "अरे, आमच्या संडासाच्या छताला पोपडे आलेत, जरा खाली येऊन बघतोस का?" बघितलं तर ताटलीएवढा ओलसर डाग. त्याच संध्याकाळी प्लंबर आला. आमच्या कमोडच्या बुडाशी ओल दिसली, म्हणून त्याने चहूबाजूंनी व्हाइट सिमेंट भरलं आणि गेला. आमची फरशी खडखडीत कोरडी झाली. काकूंचा डाग मात्र तीन आठवड्यांत परातीएवढा झाला.

गळत होतं कमोडच्या मागे, मैलापाण्याचा पाइप जोडतात त्या रबरी कॉलरपाशी. आधी त्यातलं थोडं पाणी फरशीवर येत होतं, त्यामुळे निदान कळत तरी होतं. सिमेंटने ती वाट बुजवली आणि सगळं पाणी खाली स्लॅबकडे वळलं. काकूंना महिनाभर बादली लावून ठेवावी लागली, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: गळती सापडायच्या आधी ती बुजवणं.

ओल्या जागेत गळती शोधू नका. आधी फ्लशचा टँक, कॉक, नळ्या, कमोडची मागची बाजू, फरशी, सगळं फडक्याने कोरडं करा. मग प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा वेगळा तुकडा ठेवा आणि अर्धा तास कुणालाही संडास वापरू देऊ नका. एवढ्यात कागद भिजला, तर गळती सतत पाणी भरलेल्या बाजूला आहे: अँगल कॉक (भिंतीतून येणारं पाणी बंद करायचा छोटा नळ), कनेक्शन पाइप, जेट स्प्रे किंवा टँक. कागद कोरडेच राहिले, तर चार-पाच वेळा फ्लश करा. आता भिजला, तर टँक आणि कमोडमधला जोड किंवा मागची कॉलर बघा. तपासताना वरून खाली या. पाणी उताराने पळतं, त्यामुळे सगळ्यात वरची ओली जागा तीच खरी.

बऱ्याचदा बिचाऱ्या कमोडवर आळ येतो आणि गुन्हेगार निघतो जेट स्प्रे. आपण फक्त हातातलं बटण सोडतो, भिंतीवरचा कॉक उघडाच राहतो. नळीवर रात्रंदिवस दाब असतो, त्यामुळे टोकाचा वॉशर दबून जातो आणि पाणी नळीवरून ओघळत कमोडच्या मागे जमतं. सेकंदाला एक थेंब, थेंब पाव मिलिलिटरचा धरला तरी दिवसाला साडेएकवीस लिटर होतात. वापर झाला की कॉक बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांनाच लावा.

टँकमधून कमोडमध्ये झिरपणारं पाणी बाहेर दिसतच नाही. त्यासाठी जिलबीत घालतात तो खायचा रंग चिमूटभर टँकमध्ये टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला, तर टँकचं झाकण काढून पाण्याची पातळी बघा. पाणी ओव्हरफ्लो पाइपच्या (टँकच्या आतल्या उभ्या नळीच्या) तोंडापर्यंत चढत असेल, तर फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा भाग, खाली घ्या. पातळी त्या तोंडाच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली हवी. पातळी बरोबर असूनही रंग उतरत असेल, तर तळाचा वॉशर गेला. नवा आणताना जुना सोबत न्या, नाहीतर दुकानाच्या दोन फेऱ्या ठरलेल्या.

हे वॉशर पुण्यात सगळीकडे सारखे टिकत नाहीत. वाघोली, उंड्रीकडच्या ज्या सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी आहे, तिथे क्षारांचा पांढरा थर रबरावर बसतो आणि वॉशर नीट टेकत नाही. कधी नुसतं व्हिनेगरने पुसून भागतं. पेठांत किंवा कोथरूडला राहणाऱ्यांनी एखाद्या गुरुवारी पाणी बंद राहिलं, की त्यानंतर लक्ष ठेवावं. गच्चीवरची टाकी तळाला गेली की गाळ पाइपात उतरतो आणि टँकच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतो. मग पाणी थांबतच नाही आणि आपण मात्र नवा टँक घ्यायचा विचार करतो.

पान्ह्याचा जोर हीसुद्धा एक चूक. टँकचे बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. एकीकडे जास्त ताणलं की चिनी मातीला तडा जातो, आणि तो सांधता येत नाही. ऐन पावसाळ्यात टँकच्या बाहेर सगळीकडे सारखे बारीक थेंब दिसले, तर ती गळती नाही, दमट हवेचं दव आहे. पुसून टाका.

आता खालच्या घराचा प्रश्न. बऱ्याच इमारतींत संडास-बाथरूमचा स्लॅब खोलगट टाकलेला असतो. त्यात पाइप टाकून वर विटांचे तुकडे भरतात आणि फरशी बसवतात. गळकं पाणी या भरावात साठतं आणि वाट मिळेल तिथून, कधी कधी दुसऱ्याच कोपऱ्यातून, खाली उतरतं. त्यामुळे डागाच्या बरोबर वर फोडणं चुकीचं. आधी खालच्यांच्या परवानगीने डागाची कड पेन्सिलने आखा आणि तारीख लिहा. मग दोन-तीन दिवस त्या बाथरूममध्ये आंघोळ बंद ठेवा, फक्त फ्लश वापरा. नंतर उलट करा. डाग कशाने वाढतो ते बघून कमोडची लाइन गळते की नहाणी ट्रॅप (फरशीवरचं पाणी जातं ती जाळीखालची जागा) आणि फरशीचे सांधे, हे वेगळं करता येतं. दोन्ही बंद असतानाही वाढत असेल, तर भिंतीतल्या पाइपाचा संशय घ्या. डाग दिव्याच्या पॉइंटजवळ असेल, तर खालच्यांना त्या खोलीची वीज आधी बंद करायला सांगा, बाकी सगळं नंतर.

खर्चावरून वाद होतो तेव्हा सोसायटीचे उपविधी काढून वाचा. साधारणपणे बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीकडे असते, फ्लॅटच्या आतल्या संडासाची सभासदाकडे. आमची आमच्याकडेच होती.

दुरुस्तीनंतर दुसऱ्याच दिवशी "अजून गळतंय" म्हणून पुन्हा फोडायला घेऊ नका. भरावात मुरलेलं पाणी संपायला बरेच दिवस लागतात. पेन्सिलची रेघ ओलांडली जात नाही ना, एवढंच बघा. नवी कॉलर बसवल्यावर काकूंकडे थेंब पडायचे थांबले ते बाराव्या दिवशी. छत पूर्ण सुकायला दसरा उजाडला, आणि रंग आम्ही त्यानंतरच लावून दिला.