जुन्या गाडीचे डोअर पॅड: चामड्याच्या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

गाडीच्या आतल्या कामात येणाऱ्या बहुतेकांना सीट शिवायच्या असतात. सीट फोटोत छान दिसते, गिऱ्हाईकही तिच्याचसाठी येतं. मी मात्र नव्या माणसाला आधी दारं करायला लावतो. डोअर पॅड म्हणजे दाराच्या आतल्या बाजूचा, बोर्डावर कातडं किंवा रेक्झीन चढवलेला भाग. त्याला शिलाई फारशी नसते, पण पाणी, लाकूड, गोंद आणि कातडं या चारही गोष्टी तिथे एकदम हाताखालून जातात. शिवाय पॅड टेबलावर मावतो, त्यामुळे छोट्या जागेतही काम होतं.

मी पुण्यात हे काम करतो. पुण्यात नव्वदच्या दशकातल्या मर्सिडीज अजून दिसतात, त्याला कारणही आहे. १९९४ साली मर्सिडीज-बेंझ आणि टेल्को (नंतरची टाटा मोटर्स) यांची भागीदारी झाली आणि १९९५ पासून पिंपरीला डब्ल्यू १२४ ही ई-क्लास जोडली जाऊ लागली. आज त्या गाड्यांची इंजिनं धडधाकट असतात आणि दारं आतून सुटलेली असतात. पुढे जे सांगतोय ते बरंचसं अशा गाड्यांवरून शिकलेलं आहे, पण जुन्या युरोपियन किंवा जपानी गाडीलाही तेच लागू पडतं. ॲम्बॅसिडर आणि पद्मिनीची दारं याहून सोपी: सपाट हार्डबोर्ड आणि वर रेक्झीन. हात बसवायला तीच घ्या.

पहिला प्रश्न असा की समोर आहे ते चामडं आहे का. मालक शपथेवर सांगतो, ‘कंपनीचं लेदर आहे.’ त्या काळच्या ‘लेदर’वाल्या बऱ्याच गाड्यांत चामडं सीटच्या अंग टेकतं तेवढ्याच भागाला असायचं, सीटच्या बाजू, पाठ आणि दारं जुळत्या रंगाच्या रेक्झीनची. वरून बोट फिरवून कळत नाही, मर्सिडीजचं रेक्झीन तर भल्याभल्यांना फसवतं. पॅड काढून उलटा करा आणि मुडपलेली कड बघा. मागे सुताचं किंवा होजियरीचं कापड दिसलं तर रेक्झीन, मऊ लव दिसली तर चामडं. मालकाला हे सांगताना ‘साहेब, तुम्हाला फसवलंय’ असं म्हणू नका. कड दाखवा, त्याचं त्याला कळतं. आणि मूळचं रेक्झीन धड असेल तर तिथे चामडं चढवण्याचा आग्रह धरू नका. मला विचाराल तर शाबूत मूळ रेक्झीन हे नव्या चामड्यापेक्षा त्या गाडीला जास्त शोभतं.

पॅड काढताना घाई नको. आर्मरेस्टचे स्क्रू टोपणाखाली लपलेले असतात, आतल्या हँडलच्या वाटीमागे एखादा असतो, आरशाजवळचं तिकोनी कव्हर आधी काढावं लागतं. मग कडेच्या क्लिपा. पटाशी किंवा स्क्रू ड्रायव्हर घालू नका. प्लास्टिकची चपटी पट्टी क्लिपच्या अगदी शेजारी घालून उचला. क्लिपपासून लांब जोर दिला की क्लिप जागेवर राहते आणि बोर्डाचा तुकडा हातात येतो. बऱ्याच गाड्यांत पॅड वरच्या बाजूने काचेच्या खोबणीत लटकवलेला असतो, त्यामुळे खालच्या आणि बाजूच्या क्लिपा सुटल्या की तो वर उचलावा लागतो, स्वतःकडे ओढायचा नाही. प्रत्येक पायरीचा फोटो काढा, स्क्रू दारागणिक वेगळ्या डबीत ठेवा. डब्ल्यू २१० सारख्या त्यानंतरच्या काही गाड्यांत साइड एअरबॅग दारातच असते. तिथे बॅटरी सोडून थोडा वेळ थांबल्याशिवाय हात घालू नका.

आता या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पॅडमागे दाराच्या पत्र्यावर प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असायला हवा. दहातल्या निम्म्या गाड्यांत तो फाटलेला असतो किंवा नसतोच, असं मी डोळ्यांच्या अंदाजाने सांगतो. काचेच्या बाहेरच्या बाजूला जी रबरी पट्टी असते ती कितीही चांगली असली तरी पावसाचं थोडं पाणी दारात उतरतंच. दार तसंच बनवलेलं असतं: पाणी आतून खाली वाहतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. तो पडदा हे पाणी पॅडपासून लांब ठेवतो. कधीतरी काच अडकते, मेकॅनिक रेग्युलेटर, म्हणजे काच वर-खाली करणारी यंत्रणा, काढायला पडदा टराटरा फाडतो आणि काम झाल्यावर पॅड तसाच ठोकून देतो. पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत बोर्ड फुगतो, क्लिपांची भोकं भुसभुशीत होतात, गोंद सुटतो, आणि चामडं वरून ओघळायला लागतं. मालकाला दिसतं ते फक्त चामडं. त्याने कातड्याचे पैसे दिले आणि तुम्ही फक्त कातडं बदललं, तर दोन वर्षांत तो परत तुमच्या दारात उभा.

म्हणून क्रम असा: आधी तळाची भोकं तारेने मोकळी करा, मग वरची रबरी पट्टी कडक झाली असेल तर बदलायला सांगा, मग नवा पडदा. जाड पॉलिथिन आणि ब्युटाइल टेप (रबरासारखी चिकट पट्टी) एवढं पुरतं. पडद्याची खालची कड दाराच्या पत्र्याच्या आत वळवलेली असली पाहिजे, म्हणजे त्यावरून ओघळलेलं पाणी पुन्हा दारातच पडतं. ही कड बाहेर राहिली तर पडदा लावून उपयोग शून्य, उलट पाणी नेमकं बोर्डावर जातं. काम झाल्यावर पॅड न लावता काचेवर पाइपने पाणी सोडून बघा. पडद्याची आपल्याकडची बाजू कोरडी राहिली पाहिजे आणि पाणी दाराच्या खालून पडलं पाहिजे.

बोर्ड सपाट असेल तर नवा कापणं सोपं. जुन्यावरून आखून ३ मिलिमीटरचा ऑइल टेम्पर्ड (तेल देऊन पक्का केलेला) हार्डबोर्ड किंवा एबीएस या कडक प्लास्टिकची शीट घ्या. साधा एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) घेऊ नका, दमट हवेत तो पावासारखा फुगतो. हार्डबोर्ड असेल तर दोन्ही बाजूंना, कडांना आणि विशेषतः भोकांच्या आतून पॉलियुरेथेन व्हार्निशचे दोन हात द्या. डब्ल्यू १२४ सारख्या गाड्यांचा पॅड साच्यात दाबून वळवलेला असतो, तो नव्याने कापता येत नाही. तिथे जुनाच वाचवायचा. पूर्ण वाळवा, भुसभुशीत कडांत पातळ इपॉक्सी जिरवा, मोडलेल्या जागी मागून फायबरग्लासचं कापड लावा, आणि क्लिपांच्या फाटलेल्या भोकांवर एबीएसच्या पातळ पट्ट्या चिकटवून नवी भोकं पाडा. कंटाळवाणं काम आहे. याचे पैसे वेगळे लावायला लाजू नका.

चामडं बदलायचं की आहे तेच उभं करायचं, हे ठरवताना मी कडांकडे बघतो. काचेलगतच्या वरच्या कडेला ऊन सगळ्यात जास्त लागतं. तिथलं कातडं आकसून कडक झालं असेल, वाकवल्यावर तडकत असेल, तर ते गेलं. बाकी कुठे नुसता रंग उडाला असेल, वरवरच्या बारीक भेगा असतील, तर ते वाचतं.

वाचवायच्या कामात निम्मा वेळ साफसफाईत जातो. लोकांनी वर्षानुवर्षं काय काय चोळलेलं असतं: खोबरेल तेल, बुटांचं पॉलिश, डॅशबोर्डचा चकचकीत स्प्रे. त्या स्प्रेमधलं सिलिकॉन राहिलं तर नवा रंग जागोजागी माशाच्या डोळ्यासारखा फाटतो. धुण्याचा साबण नको, तो अल्कधर्मी असतो आणि कातड्याला मानवत नाही. लेदर क्लीनर आणि मऊ ब्रश, मग पुसून आयसोप्रोपिल अल्कोहोल हलक्या हाताने. एक थेंब पाणी टाकून बघा. थेंब तसाच उभा राहिला तर वरचा थर शाबूत आहे, लगेच जिरून डाग काळवंडला तर तिथला थर गेलेला आहे. मग ६०० ते ८०० नंबरचा पॉलिश पेपर, भेगांत लेदर फिलर पातळ थरांत, पाण्यावरचा पिगमेंट रंग छोट्या गनने अनेक हलक्या हातांत, आणि शेवटी मॅट टॉपकोट. जाड एक हात मारण्याचा मोह होतो, त्याने कातड्याचा पोत बुजतो आणि पॅड प्लास्टिकचा दिसतो. रंग जुळवताना मूळ रंग आर्मरेस्टच्या मागे सापडतो, पण जुळवायचा तो सीटशी. चार दारं नव्यासारखी आणि सीट तीस वर्षांची, हे डोळ्याला टोचतं. ट्यूबलाइटखाली जुळवू नका, दुकानाबाहेर उजेडात न्या.

नवं चामडं घ्यायचं तर मुंबईत धारावीत दुकानं आहेत, आणि चेन्नई, कानपूर, कोलकाता इथून माल मागवता येतो. भाव चौरस फुटावर असतो. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैलाच्याही कत्तलीवर आहे, म्हशीच्या नाही. म्हशीच्या कातड्याचा दाणा जाडा असतो, जुन्या युरोपियन गाडीच्या सीटशेजारी तो लगेच ओळखू येतो, तेव्हा कोणत्या जनावराचं आहे ते विचारूनच घ्या. दाराला साधारण १ मिलिमीटर जाडी पुरते. पर्सचं किंवा जॅकेटचं मऊ कातडं स्वस्तात मिळालं म्हणून घेऊ नका, उन्हात त्याचा रंग टिकत नाही. एका पूर्ण दाराला नासधूस धरून आठ-नऊ फूट लागतं. चारही दारांचं एकाच वेळी, शक्यतो एकाच कातड्यातून घ्या. पाठीच्या कण्यालगतचा भाग कमी ताणतो, पोटाकडचा जास्त. डाव्या-उजव्या दाराचे तुकडे एकाच दिशेत आखले नाहीत तर सहा महिन्यांनी एक दार ताठ आणि दुसरं सैल. आणि हो, दुसऱ्या बाजूच्या दारासाठी नमुना उलटायला विसरू नका.

गोंदाच्या बाबतीत आमच्या धंद्यात एसआर (सिंथेटिक रबरचा गोंद) म्हटलं की भागतं, आणि सीटच्या बऱ्याच कामांत ते चालतंही. दारांसाठी मात्र उष्णता सहन करणारा गोंद मागा. मे महिन्यात बंद गाडी आत ६० अंशांच्या पुढे जाते, त्यात साधा गोंद मऊ होऊन वळणावरचं कातडं वर उचललं जातं. दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावा, बोटाला चिकटेल पण तार निघणार नाही इतका सुकू द्या, मगच बसवा. पावसाळ्यात एक वेगळीच अडचण येते: गोंदातला द्राव उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि गोंदावर पांढुरका थर दिसतो. त्यावर चिकटवलेलं काही टिकत नाही. हीट गनने हलकं शेकून पांढरेपणा गेल्यावरच पुढे जा, नाहीतर ते काम कोरड्या दिवसासाठी ठेवा. खोली बंद करून गोंद लावू नका, डोकं धरतं आणि फुप्फुसांनाही ते चांगलं नाही.

बोर्ड आणि कातड्यामधला जुना फोम बोटाने चोळला तर पीठ होतो. तो पूर्ण खरवडून काढा, त्यावर नवा चिकटवणं म्हणजे वाळूवर चिकटवणं. कातडं चढवताना खोलगट भागापासून सुरुवात करा, तिथे नीट दाबून बसू द्या, मग बाहेरच्या कडांकडे जा. आधी कडा पकडल्या की खोलगट जागी कातडं तंबूसारखं ताणून राहतं आणि पहिल्या उन्हात सुटतं. मागून ओलसर फडकं फिरवलं की कातडं वळणं घेतं. हीट गन वापरा, पण हात सहन करेल एवढीच; जास्त तापलं तर कातडं आकसतं आणि परत येत नाही. मुडपायच्या कडा रापीने, म्हणजे कातडं तासायच्या सुरीने, निम्म्या जाडीच्या करा. मशीनपेक्षा या रापीला धार लावायला आधी शिका. कड जाड राहिली तर पॅड दारावर पूर्ण बसत नाही, दार लावताना रबराला घासतो, आणि वरची कड काचेला लागते. हँडल आणि बटणांची भोकं सगळ्यात शेवटी, आणि लहान कापून मग मोठी करा.

शिकायचं कुठे? आयटीआयमध्ये लेदर गुड्स मेकर हा ट्रेड आहे, मुंबईच्या शासकीय तंत्रनिकेतनात चामड्याची पदविका आहे. तिथे कातडं समजतं, मशीन समजते. गाडी मात्र दुकानातच समजते, त्यामुळे एखाद्या जुन्या सीट मेकरच्या हाताखाली राहायला हवं. उस्ताद बोलून शिकवत नाहीत, हात बघावा लागतो. त्यांनी ‘राहू दे, मी करतो’ म्हटलं की बाजूला होऊ नका, शेजारी उभे राहा.

मशीन घ्यायची तर वॉकिंग फूटवाली घ्या, म्हणजे जिचा दाबणारा पाय कातड्याबरोबर पुढे सरकतो. साध्या मशीनवर वरचं कातडं मागे राहतं आणि खालचं पुढे पळतं. दोरा बाँडेड नायलॉन किंवा पॉलिस्टर. सुती दोरा पावसात कुजतो. हल्ली गिऱ्हाईक दारावर हिऱ्याच्या आकाराची शिलाई मागतं. मी नाही म्हणत नाही, पण १९९५ च्या गाडीत ती का नको हे एकदा सांगून बघतो.

आणि सरावासाठी गिऱ्हाइकाची दारं वापरू नका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा कुठल्याही भंगारवाल्याकडे सडलेले पॅड मिळतात. फुगलेला, भोकं फाटलेला, फोमचं पीठ झालेला असाच निवडून घ्या, आणि भाव करताना क्लिपा, कव्हरं त्यातच मागून घ्या.