चिंचोके, पाणी आणि उसाची पावती

बालवाडीतल्या पहिल्या दिवसासाठी मी रात्र जागून अठरा तक्ते केले होते. फळं, भाज्या, रंग, वाहनं, सगळं. सकाळी पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून नेले, भिंतीवर लावले आणि समोर उभी राहिले. मुलांनी तक्त्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नळीसाठी मात्र तिघांची झटापट झाली. एकाने ती डोळ्याला लावून मला शोधलं, दुसरीने तिच्यातून मावशींना हाक मारली, तिसऱ्याने तिच्यातून खडू सोडला आणि तो दुसऱ्या टोकातून पडला म्हणून टाळ्या पिटल्या. मी नळी काढून घेतली, कपाटावर ठेवली आणि छडी टेकवून म्हणाले, "सांगा, हे काय आहे? आंबा!"

त्या सकाळी वर्गात जे काही शिकणं चाललं होतं ते मीच बंद केलं, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

मी कराडला बालवाडी चालवते. तीन ते सहा वर्षांची चोवीस मुलं, मी आणि एक मदतनीस मावशी. दर जूनमध्ये दोन-तीन मुली अनुभवासाठी येतात. कुणी डी.एड. झालेली, कुणी बालशिक्षणाची पदविका करणारी. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "ताई, रोज काय काय घ्यायचं?" मुलांना काय द्यायचं ते पटकन जमतं. कधी गप्प बसायचं, हे शिकायला वेळ लागतो.

माझी पहिली नोकरी एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत होती. साडेतीन वर्षांच्या मुलांकडून रोज वहीचं एक पान भरून घ्यायचं आणि शुक्रवारी वह्या तपासायला द्यायच्या. पान रिकामं राहिलं तर बोलणी मला. मग मी मुलांच्या मुठी माझ्या मुठीत धरून अक्षरं गिरवून घ्यायचे. एक मुलगी पेन्सिल दिसली की हात पाठीमागे लपवायची. तेव्हा मला ती हट्टी वाटली. या वयात मनगटाची हाडं अजून पुरती तयार झालेली नसतात, ताकद आधी खांद्यात येते आणि बोटांच्या टोकाशी सगळ्यात शेवटी पोचते, हे मला पदविकेच्या वर्गात कळलं. त्या मुलीची माफी मागायची राहून गेली.

आता माझ्याकडे पेन्सिलीची घाई नाही. पण बोटांना दिवसभर काम असतं. कणीक मळणं, ओलं फडकं पिळणं, चिंचोके चिमटीने उचलून बाटलीत टाकणं, भेंडीचे ठसे, मणी ओवणं. थंडीत आम्ही मटार सोलतो. एकेकाला दहा शेंगा. सोलण्यात चिमटीची पकड येते, आणि मोजणी तर मुलं आपसूकच करतात, कारण "माझ्या शेंगेत सात, तुझ्यात पाचच" हे भांडण न मोजता करता येत नाही. एकदा एका शेंगेतून हिरवी अळी निघाली. त्यानंतरचा तास अळीचा झाला. ती काय खाते, तिची आई कुठे आहे, मटार आता तिचा की आपला? मी ठरवलेलं गाणं राहिलं. राहू दे.

पाण्याचा खेळ मात्र नव्या ताईला नको वाटतो. कपडे भिजतात, फरशी निसरडी होते, पालक तक्रार करतात. मी घमेलं अंगणात ठेवते, मुलांना जुने शर्ट घालते आणि फडकी त्यांच्याच हातात देते. पुसणं हाही खेळच. तिथे एका चार वर्षांच्या मुलाने पसरट वाटीतलं पाणी बारीक उंच बाटलीत ओतलं आणि जाहीर केलं, "पाणी वाढलं!" मी लगेच समजवायला गेले. पाणी पुन्हा वाटीत ओतलं, पुन्हा बाटलीत, तीनदा. "बघ, तेवढंच आहे ना?" त्याने मान डोलावली. मी वळले आणि तो शेजारणीला म्हणाला, "बाटलीत जास्त हाय. ताईंना न्हाई कळत."

जीन पियाजे या स्वित्झर्लंडच्या मानसशास्त्रज्ञाने नेमका हाच प्रयोग मुलांवर केला होता. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक मुलं उंचीवरूनच ठरवतात की पाणी जास्त झालं. ही चूक दुरुस्त करून दुरुस्त होत नाही. ओतून ओतून, स्वतःच्या हाताने सांडून, एक दिवस ती आपोआप जाते. मी पुस्तकात हे वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. घमेल्याशी आल्यावर विसरले.

आता उसाची गोष्ट. आमच्याकडे दिवाळीनंतर रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते आणि मुलांच्या खेळात साखर कारखाना येतो. त्या दिवशी मला आकारांचा पाठ घ्यायचा होता. वर्तुळं कापून तयार होती. पण कोपऱ्यात तीन खुर्च्या एकामागोमाग लागल्या होत्या. पहिली ट्रॅक्टर, मागच्या दोन ट्रॉल्या. रंगीत पेन्सिलींना रबर लावून मोळ्या बांधल्या होत्या. एक मुलगी उपड्या टोपलीवर बसून वजनकाटा सांभाळत होती.

"थांबा! नंबर आल्याबिगर फुडं घ्यायचं न्हाई."

"माझी बैलं उपाशी हायत वो."

"मग वाढं घाला त्यास्नी."

मी "चला, गोलात बसा" म्हणायला तोंड उघडलं होतं. मावशींनी माझ्या दंडाला हात लावला. मावशी सातवी शिकल्यात आणि मुलांची समज त्यांना माझ्यापेक्षा जास्त आहे. मी हात मागे बांधले आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

ट्रॅक्टरवर एक साडेचार वर्षांचा मुलगा होता. पेन्सिल हातात दिली की फेकून देणारा, चित्राच्या वेळी पाणी प्यायला जाणारा. त्याचा नंबर आला, मोळ्या काट्यावर गेल्या आणि तो म्हणाला, "पावती द्या की." काट्यावरची मुलगी म्हणाली, "मला येत न्हाई, तूच लिव." तो उठला, जुन्या डायरीचं पान फाडून आणलं, मेणखडू उचलला आणि जमिनीवर पालथा पडून लिहू लागला. डावीकडून उजवीकडे एक वळवळती रेघ. तिच्या खाली दुसरी. अशा सहा. सगळ्यात खाली एक मोठं वेटोळं आणि त्याखाली आडवी रेघ ओढली.

"ही सही," तो म्हणाला.

एकही अक्षर येत नसताना त्याला लिहिण्यातलं किती काय ठाऊक होतं पाहा. लिहिणं एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातं, ओळी एकाखाली एक येतात, कागदावरच्या रेघांना अर्थ असतो आणि शेवटी कुणीतरी त्याची जबाबदारी घेतं. मी त्याला पेन्सिल धरायला लावत होते, पण लिहायला कारण दिलं नव्हतं. कारण त्याचं त्यानेच शोधलं. वर्तुळं अजून कपाटात आहेत.

म्हणजे ताईने नुसतं उभं राहायचं का? तसंही नाही. नव्या मुली कधी कधी दुसऱ्या टोकाला जातात, मुलं खेळतायत तर मोबाइल काढतात. खेळ चालू असतो तेव्हा मी वही काढते. कोण काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत लिहिते. आणि खेळ अडला तरच आत जाते, तेही खेळातलं पात्र होऊन. दुसऱ्या दिवशी मी घरचा तराजू कोपऱ्यात नेऊन ठेवला. काही बोलले नाही. दुपारपर्यंत दगड, कापूस, डबे, चपला, सगळ्यांचं वजन झालं होतं, आणि मोठा दिसणारा कापूस हलका कसा, यावर वाद पेटला होता.

एक वाईट अनुभवही सांगते. माझ्या कामाच्या तिसऱ्या वर्षी एका मुलाने चिंचोका नाकात घातला. मी घाबरून बोटाने काढायला गेले आणि तो आणखी आत सरकला. नाका-कानात काही गेलं तर आपण कोरायचं नाही, मुलाला शांत बसवायचं आणि लगेच डॉक्टरांकडे न्यायचं. डॉक्टरांनी मिनिटात काढला, पण त्या मिनिटापर्यंतचा रिक्षातला प्रवास मला आजही आठवतो. तेव्हापासून कधी तीन वर्षांच्या आतलं मूल वर्गात आलं की चिंचोके, मणी, शेंगदाणे वरच्या फळीवर. त्यांना नदीतले मोठे गोटे आणि डब्यांची मोठी झाकणं; बाटल्यांची लहान झाकणं नाहीत. बटणासारखे चपटे सेल असलेली खेळणी तर मी दारातूनच परत पाठवते. तो सेल पोटात गेला तर आतून भाजतो.

सामानाला पैसे लागतात, असं कुणी म्हणालं तर मी कोसबाडचं नाव घेते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी भावनगरला गुजरातचे बालशिक्षक गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं, इटलीच्या मारिया माँटेसरींची साधनं हाताळत शिकायची पद्धत आपल्याकडे रुजवली. पण ती महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबतीला आल्या आणि पुढे डहाणू तालुक्यातच कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये ते वाढलं. शिंपले, बिया, पानं, दगड, माती हीच साधनं. मुलं शाळेत येईनात, तर शाळा त्यांच्या अंगणात गेली. जी मुलं गुरं राखायला जायची, त्यांच्यासाठी ती कुरणात गेली. आज गावोगावी 'अंगणवाडी' हा शब्द आपण सहज वापरतो, त्याच्या मागे हे पाडे आहेत. सरकारची एकात्मिक बालविकास योजना त्यानंतर बरीच उशिरा, 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली.

नोकरीबद्दल थोडक्यात. खासगी बालवाडीत पगार कमी आहे, सुरुवातीला फार कमी. अंगणवाडी सेविकेला मानधन मिळतं, पण तिच्यामागे नोंदी, वजनं, पोषण आहार, लसीकरणाचा दिवस असं बरंच असतं. खेळाला वेळ तिला ओढून काढावा लागतो. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आणि खेळातून शिकण्यावर भर दिला, त्यामुळे प्रशिक्षित ताईंना मागणी येईल अशी आशा आहे. पदविका करा, पण प्रवेश घेण्याआधी एखाद्या बालवाडीत महिनाभर नुसतं बसा. शेंबूड, रडणं, ओल्या चड्ड्या आणि एकच गोष्ट अकराव्यांदा सांगणं चालणार असेल तरच या.

आणि पालक. "आज काय शिकवलं?" हा प्रश्न रोज दारात उभा असतो. "खेळले" एवढंच उत्तर दिलंत तर पुढच्या वर्षी मूल दुसरीकडे. माझी वही इथे कामी येते. "आज तुमच्या मुलीने झाकणं लहान-मोठी अशी क्रमाने लावली, नऊ झाकणं, आणि मधे एक राहिलंय हे तिनेच ओळखलं" असं सांगितलं की आई थांबते, ऐकते. सगळ्याच ऐकत नाहीत. एका आजींनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "खेळायला घरी अंगण आहे की."

उसाच्या पावतीवाल्या मुलाचे वडील कधी आत यायचे नाहीत. कारखान्याला ऊस वाहतात, हंगामात रात्र-रात्र रांगेत असतात. त्या आठवड्यात ते मुलाला न्यायला आले तेव्हा मी तो कागद त्यांच्या हातात दिला आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी तो उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला. मग मुलाला विचारलं, "किती लिवलंय रं?"

"धा टन."

"दोन ट्रॉल्या आणि धाच टन?" ते माझ्याकडे वळले. "ताई, तुमच्याकडं पण काटा मारत्यात व्हय?"